दिवसाउजेडीचं रेशन

लाडू फुटेना. कुलकर्णी सरांनी तो आधी दातांनी फोडून पाहिला, मग फरशीवर आपटला आणि शेवटी बर्फाची लादी फोडायचा दांडका मागवला. दांडक्यानं लाडवाचे दोन तुकडे झाले. त्यातला एक उडून शिंदेच्या कपाळावर बसला.

"ह्यो लाडू संगं असला की कुऱ्हाड न्यायला नगं," शिंदे कपाळ चोळत म्हणाला.

सांगलीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो. बाहेर मार्चचं ऊन. कारखान्याचे कामगार आमच्याकडे बघून हसत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. हिमालयात जे जे खायला नेणार, ते ते आदल्या दिवशी इथे बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इथेच उभं राहून खाऊन दाखवा, असा माझा हुकूम होता. पोळ्या कौलासारख्या झाल्या होत्या. गुळाच्या लाडवाचं तर सांगितलंच. शेंगदाण्याची चटणी पास झाली. आमची भडंग तेवढी जशीच्या तशी कुरकुरीत राहिली, पण चुरमुऱ्यांची पोती न्यायची म्हणजे तंबू घरी ठेवावे लागले असते.

मी फौजेत सप्लायमध्ये होतो. लडाखकडच्या चौक्यांवर रेशन पोचवणं हे माझं काम. सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर म्हणून लागलो. सांगलीतली गिर्यारोहक मंडळी मला शोधत आली ती या अनुभवामुळे. सह्याद्रीतला एकही किल्ला त्यांनी सोडला नव्हता. घाटमाथ्यावरच्या वाटा त्यांना घरच्या अंगणासारख्या पाठ होत्या. आता त्यांना हिमाचलातलं वीस हजार फुटांच्या वरचं एक शिखर चढायचं होतं. लीडर होते कुलकर्णी सर, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दगड बघितला की त्यांचा चेहरा उजळायचा, माणूस बघितला की थोडा कमी.

मोहिमेच्या रेशनला आम्ही 'स्केल' म्हणतो. एका माणसाला एका दिवसाला काय काय आणि किती, याचं ते माप. वर हवा विरळ असते, तिथं पाणी लवकर उकळतं पण हवं तेवढं तापत नाही. त्यामुळे साधी तूरडाळ शिजता शिजत नाही, कुकर लागतो. प्यायचं पाणी म्हणजे बर्फ वितळवायचं. भांडंभर बर्फ वितळवलं की तळाशी जेमतेम पाणी, आणि तेवढ्याला रॉकेल जळतं ते वेगळं. ते रॉकेल कुणीतरी पाठीवर वाहून न्यायचं असतं. म्हणून स्केल ठरवणारा माणूस जरा कंजूष आणि जरा खडूस असावा लागतो. मी दोन्ही होतो.

तर चव घेणं चाललं होतं आणि बाहेर अंधारून आलं. सगळ्यांच्या हातात बशा होत्या. आदगोंडा तेवढा मोकळा उभा होता. त्याला सगळे आदू म्हणत. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा, उंच, काटक, कमी बोलणारा. आमच्या टीममध्ये हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचा ॲडव्हान्स कोर्स केलेले दोघेच होते, आदू आणि शिंदे. दोघं एका दोरीवर चढत. शिखराची सगळी भिस्त या जोडीवर होती.

"आदू, तुझी बशी कुठं हाय?" मी विचारलं.

"दिवस मावळला, सुभेदारसाहेब. आता उद्याच."

कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सांगलीकडे सूर्यास्तानंतर न जेवणारी घरं पुष्कळ. शेजारात, वर्गात, दुकानात सगळीकडे अशी माणसं असतात, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नाही. किल्ल्यांवर जाताना आदू उजेडात भाकरी खाऊन घ्यायचा आणि रात्री बाकीच्यांची पिठलं-भाताची पंगत बसली की गप्पा मारत बसायचा. सगळ्यांना ते इतकं सवयीचं की मोहिमेची आखणी करताना एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. मी मात्र माण तालुक्यातला. आमच्या गावात मेंढरं आणि फौज, दोनच गोष्टी. मला विचारावंसं वाटलं.

"जेवणाचं ठीक हाय. पाणी?"

"पाणी बी न्हाई. उजाडंपातूर न्हाई."

मी हातातली बशी खाली ठेवली.

वरची हवा कोरडी असते. नुसत्या श्वासावाटे माणसाच्या अंगातलं पाणी जातं, घाम यावा लागत नाही. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, बोटांच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि थंडीनं बोटं काळी पडतात. ती मग कापावी लागतात. मी लडाखमध्ये अशी बोटं पाहिली आहेत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. डोक्यावरही परिणाम होतो. शहाणा माणूस बुटाची नाडी बांधायची विसरतो. त्यात शिखराची चढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते, कारण दिवस वर आला की बर्फ मऊ पडून घसरू लागतं. म्हणजे आदू संध्याकाळपासून कोरडा राहणार, रात्रभर चढणार आणि उजाडल्यावर पहिला घोट घेणार. असा माणूस मी माझ्या रेशनवर वर पाठवू शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत बैठक बसली. सर, मी आणि ते दोघं.

"धर्माचा प्रश्न आहे," सर चष्मा पुसत म्हणाले. "मी त्यात पडत नाही."

"सर, धर्माचा नाही, सप्लायचा आहे. पाणी हे पण रेशनच."

"मग तुम्हीच ठरवा. रात्री पाणी पिणार नसेल तर तो येणार नाही. तुमचा शब्द शेवटचा."

आदू शांतपणे म्हणाला, "मी नेम मोडणार न्हाई. आन मी येणार बी हाय."

"दोन्ही कसं जमायचं रं?"

"त्ये तुमी सांगा. सप्लाय तुमच्याकडं हाय न्हवं?"

शिंदे खिडकीत बसला होता. तो म्हणाला, "आदू न्हाई तर मी बी न्हाई. मी दुसऱ्या कुनाच्या दोरीला बांधून घेणार न्हाई." सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. ते दोघं गेले तर शिखर गेलं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

आदूला मी बाहेर गाठलं. तेव्हा कळलं की वडील वारले त्यानंतर आई आणि तो, दोघांनी मिळून जैन मुनी महाराजांपुढे हा नेम घेतला होता. "आई म्हणंल तसं," एवढंच तो म्हणाला. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. ते शिखर म्हणजे पोराचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. ऊस तोडून झाला की हा गडी पाठीवर दगडांची पिशवी बांधून दंडोबाचा डोंगर चढायचा, सराव म्हणून.

आदूच्या आईला भेटायला जायचं तर जीप हवी होती. मी आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडे गेलो.

"कुणाकडे? आक्कांकडे?" साहेब हसायला लागले. "आमच्या सभासद आहेत त्या. वार्षिक सभेत उभ्या राहून उसाच्या वजनकाट्याबद्दल प्रश्न विचारतात. आम्ही आधी पाणी पिऊन बसतो. जीप न्या. पण घरनं जेवून जाऊ नका, तिथं जेवावंच लागेल."

आक्का मळ्यातल्या घरात राहत. साठीच्या, बांध्यानं बारीक, पदर कमरेला खोचलेला. नुकत्याच उसाला पाणी पाजून आल्या होत्या. दारातल्या घागरीच्या तोंडाला पाणी गाळायचं पांढरं फडकं बांधलेलं होतं. मी नमस्कार केला आणि विषय काढायला लागलो.

"आदी जेवा. दिवस खाली चाललाय."

"आक्का, मी बोलायला आलोय."

"बोलायला दिवा चालतोय. जेवायला चालत न्हाई."

ज्वारीची भाकरी, मटकीची आमटी, ताक. कांदा नाही, लसूण नाही. मी मटण खाणारा माणूस, पण भाकरी पुन्हा मागून घेतली. दिवस मावळला तशी आक्कांनी भांडी आवरली आणि ओट्यावर येऊन बसल्या.

जीपमध्ये येताना मी एक युक्तिवाद तयार केला होता. मला तो फार आवडला होता.

"आक्का, रातचं खायाचं न्हाई ते किडामुंगी मरू ने म्हणून. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"तिथं वर किडा न्हाई, मुंगी न्हाई. निस्तं बर्फ. मग पाणी प्यालं तर कोण मरतंय?"

आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की वजनकाट्याच्या प्रश्नावर चेअरमनसाहेबांचं काय होत असेल ते मला समजलं.

"सुभेदार, आमच्या घरात लाईट आली. लायटीत समदं दिसतंय. तवाच नेम सोडायला पायजे हुता मग. कारण हुडकाय बसलं की रोज एक घावतंय."

माझी युक्ती तिथंच बारगळली. मग मी हुशारी सोडली आणि आमच्या कामात जसं सांगतात तसं सरळ सांगितलं. कोरडी हवा, घट्ट होणारं रक्त, मध्यरात्री निघणं, सगळं.

"जीव जाईल त्येचा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई. बोटं जात्यात. डोस्कं चालंनासं हुतंय, पाय चुकीच्या जागी पडतोय."

"त्यानं नेम घेतलाय. त्याचा त्यो बघंल. पडला तर पडला." हे बोलताना त्यांचा आवाज हलला, पण शब्द हलले नाहीत.

"आक्का, एकटा पडत न्हाई त्यो. दोरीला दोघं असत्यात. एक घसरला की दुसऱ्यानं त्याला धरायचं. धरणाऱ्याच्या अंगात ताकद न्हाई राहिली तर दोघं जात्यात."

आक्का पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे वळल्या.

"दोरीचं आदूनं मला सांगितलं न्हाई. दुसरा कोण?"

"शिंदे. कुंडलचा. वडील मास्तर हायत."

"त्या पोराला म्हाईत हाय, आदू रातचं पाणी पीत न्हाई त्ये?"

"म्हाईत हाय. तरी म्हणतोय, आदू न्हाई तर मी न्हाई."

गोठ्यात म्हैस पाय आपटत होती. मी तंबाखूची डबी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"जीव जाऊ ने म्हणून नेम घेतला आमी," आक्का म्हणाल्या. "त्या मास्तराच्या पोराचा जीव टांगून ठिवून पाळायचा व्हय? त्ये पाप कुठं फेडू मी? पिऊ दे पाणी. उकळल्यालं. अन्न मातर दिवसाउजेडी. म्हाराजांना मी सांगीन, आदूनं त्येंच्याकडं जायाचं न्हाई."

त्यांनीच पुढं सांगितलं, "आन आसं करू नगा, की ह्यानं एकट्यानं उजेडात खायाचं आन बाकीच्यांनी रातचं त्येच्या म्होरं शिजवायचं. पोरगं हाय. वास येतोय."

मी उठून त्यांच्या पाया पडलो. नोकरीत पुष्कळ सॅल्यूट केले, ते पगाराचे होते. हा मनापासूनचा होता. एका बाईनं आपल्या घरातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट दुसऱ्याच्या मुलासाठी हलवली होती, आणि ती उठून म्हशीला वैरण टाकायला गेली.

आता राहिली माझी बाजू. मी सरांकडे गेलो आणि सांगितलं, सगळी टीम सूर्यास्ताआधी जेवेल.

"सगळी? अहो, ही मोहीम आहे की चातुर्मास?"

"सर, दोन वेळा स्टोव्ह पेटवायचा तर रॉकेल जास्त. ते कोण वाहणार?"

"पण रात्री थंडीत गरम जेवण..."

"थंडी पडायच्या आधी गरम जेवण. आणि उजेडात जेवायचं म्हटलं की कॅम्पवर दुपारी पोचावंच लागतं. वाटेत दगड बघत थांबता येणार नाही."

सरांच्या मनाला हे लागलं. "चहा तरी?"

"चहापण उजेडात. पाणी दिवसा उकळून बाटल्यांत भरायचं. बाटल्या लोकरीच्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. रात्रभर कोमट राहतं. आदू त्यातलंच पिईल, तुम्हीही."

"बरं," सर म्हणाले. चहाचं त्यांना फार वाईट वाटलं.

पोरांनी कुरकुर केली, मग सवय करून घेतली. निघेपर्यंत दर रविवारी दंडोबावर सराव, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. शिंदेला संध्याकाळी सहाला भूक लागायला लागली आणि त्याची आई मला शिव्या देऊ लागली.

कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यावर चेअरमनसाहेबांनी मला रजा दिली आणि जूनमध्ये आम्ही हिमाचलात पोचलो. तिकडे जूनमध्ये दिवस मोठा असतो, त्यामुळे आमचं जेवण निवांत व्हायचं. मी बेस कॅम्पवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या मुक्कामावर, स्टोअर सांभाळत होतो. सर माझ्याबरोबर होते. आदू, शिंदे आणि आणखी दोघं सर्वांत वरच्या कॅम्पवर गेले, त्या दिवशी दुपारी आभाळ स्वच्छ होतं. दिवस मावळला आणि पश्चिमेकडून वारा सुटला. असा वारा मी लडाख सोडल्यापासून पाहिला नव्हता. वरचा डोंगर दिसेनासा झाला.

अशा वाऱ्यात तंबूबाहेर स्टोव्ह पेटत नाही. तंबूच्या आत पेटवला तर कापड पेटतं किंवा माणसं गुदमरतात. रात्री शिजवायचं ठरवलं असतं तर ती चार पोरं उपाशी आणि तहानलेली अडकली असती.

सर माझ्या तंबूत आले. "सुभेदार, त्यांचं जेवण झालं असेल ना?"

"केव्हाच झालं, सर. बाटल्याही भरल्या असतील."

सर खाली बसले आणि त्यांनी माझा हात धरला. मी मनात आक्कांना नमस्कार केला. मला वाटतं, सरांनीही केला असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. त्याच्या पुढच्या पहाटे, अंधारातच, आदू आणि शिंदे शिखराकडे निघाले. पुढचं मला त्यांनी खाली आल्यावर सांगितलं.

निघण्याआधी आदूनं बाटली काढली. "पयला घोट खाली उतरंना, सुभेदारसाहेब. लय येळ त्वांडातच धरला. मग आईचं नाव घेऊन गिळला."

"मी पाठ करून हुबा ऱ्हायलो," शिंदे म्हणाला. "म्हटलं, आपण बघाय नगं."

उजाडायच्या जरा आधी, शिंदे पुढे असताना, त्याच्या पायाखालचं बर्फ खचलं. खाली भेग होती, वरून नुसता पापुद्रा. तो गळ्यापर्यंत आत गेला. मागे आदूनं त्याच क्षणी बर्फात कुऱ्हाड रोवली, तिच्यावर आडवा पडला आणि दोरी धरून ठेवली. शिंदे खरवडत वर येईपर्यंत त्यानं ती सोडली नाही. कोरड्या अंगाच्या माणसाला हे जमलं असतं का, मला माहीत नाही. माझ्या धंद्यात अशा प्रश्नांची उत्तरं शोधत नाहीत, ती वेळ येऊ देत नाहीत. दोघं थोडा वेळ नुसते बसून राहिले, मग पुढे निघाले. शिखरावर पोचले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. आदूनं तिथं बसून खिशातले शेंगदाणे खाल्ले.

परत आल्यावर आम्ही आधी आक्कांकडे गेलो. कुंडलहून शिंदेचे वडीलही आले होते. मास्तर आयुष्यभर पोरांना बोलायला शिकवत आले, पण त्या दिवशी त्यांना एक वाक्य पुरं करता येईना. आक्कांनी शिखर किती उंच, थंडी किती, काही विचारलं नाही. आदूकडे एकदा पाहिलं. मग शिंदेला जवळ बोलावलं, त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट दाबून बघितलं, आणि पदरानं डोळे पुसले.

"हायत समदी," त्या मास्तरांना म्हणाल्या. "बसा आता जेवाय."

त्यानंतर मी आणखी काही मोहिमांचं रेशन काढलं. त्यातून धडा एवढाच: कोण काय खातो हे सगळेच विचारतात, कोण कधी खात नाही हेही विचारावं. बाकी जे शिकलो ते त्या ओट्यावर, आणि त्याचं ऋण फिटण्यातलं नाही.

आक्का आता नाहीत. आदूच्या मळ्यावर मोहिमेतली माणसं वर्षातून एकदा जेवायला जमतात. सगळ्यांची पोटं सुटली आहेत, सरांना काठी लागते. जेवण अर्थात दिवस मावळायच्या आत. शिंदे दरवर्षी एस.टी. चुकवतो आणि अंधार पडल्यावर उगवतो. त्याला जेवण मिळत नाही. आदू आतून उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवतो. शिंदे एरवी पंगतीत सगळ्यांत जास्त तक्रार करणारा माणूस. तो तांब्या दोन्ही हातांनी उचलतो आणि एक शब्द न बोलता सगळं पाणी पितो.